शुश्रूषा केंद्राची पारख

‘नर्सिंग होम’ हा शब्द महाराष्ट्रात ज्या अर्थाने रुळला आहे, तो अर्थ त्याला ब्रिटन-अमेरिकेत नाही. इकडे नर्सिंग होम म्हणजे एखाद्या डॉक्टरांचे दहा-पंधरा खाटांचे खाजगी रुग्णालय, जिथे बाळंतपणे होतात, छोट्यामोठ्या शस्त्रक्रिया होतात आणि चार दिवसांनी रुग्ण घरी जातो. तिकडे मात्र त्याच शब्दाने अशी संस्था ओळखली जाते, जिथे परावलंबी झालेला वृद्ध राहायला येतो आणि बहुधा तिथेच राहतो. या दुसऱ्या प्रकारच्या संस्थेला मराठीत एकच सर्वमान्य नाव अद्याप नाही. ‘वृद्धाश्रम’ हे नाव तिला पुरत नाही, कारण बहुतेक वृद्धाश्रमांची पहिलीच अट अशी असते की, येणारी व्यक्ती हिंडती-फिरती आणि स्वतःचे स्वतः करणारी असावी. ती अंथरुणाला खिळली की ‘आता घेऊन जा’ असा निरोप घरच्यांना येतो. ज्या संस्था नेमक्या या टप्प्यावर वृद्धाला ठेवून घेतात, त्यांच्या पाट्यांवर केअर सेंटर, सेवासदन, शुश्रूषा केंद्र अशी नावे आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांना शुश्रूषा केंद्र म्हटले आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ९.९ टक्के होते आणि ते वाढतच जाणारे आहे. त्यामानाने अशा केंद्राची निवड करण्यास कुटुंबाला मिळणारा वेळ फारच थोडा असतो. खुब्याचे हाड मोडले किंवा पक्षाघाताचा झटका आला की रुग्णालयातून ‘परवा डिस्चार्ज’ असे सांगितले जाते, घरात उचलणारे हात नसतात, मुलगा पुण्यात आणि मुलगी न्यू जर्सीत असते, आणि मग दोन दिवसांत तीन केंद्रे पाहून त्यांतले एक पक्के केले जाते. अशा घाईत बाग, रंगवलेल्या भिंती आणि कार्यालयातील बोलघेवडा व्यवस्थापक यांच्यावरच निर्णय होतो. तसे होऊ नये म्हणून काय पाहावे आणि ते कोठे दिसते, हे आधीच ठाऊक असणे हिताचे आहे.

आरोग्यसेवेचा दर्जा जोखण्याची आजही वापरली जाणारी चौकट बैरुतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अध्यापन केलेले आव्हेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये मांडली. त्यांच्या मते दर्जा तीन अंगांनी पाहता येतो : रचना, म्हणजे इमारत, साधने, मनुष्यबळ आणि परवाने, प्रक्रिया, म्हणजे प्रत्यक्षात रोज काय केले जाते, आणि फलित, म्हणजे त्या सेवेमुळे माणसाच्या प्रकृतीचे काय झाले. केंद्र पाहायला गेलेल्या कुटुंबाला दाखवली जाते ती मुख्यतः रचना, आणि तिच्यातलाही डोळ्यांना सुखावणारा भाग. प्रक्रिया आणि फलित ही दोन अंगे पाहायची तर केंद्रातील सर्वांत परावलंबी, बोलता न येणाऱ्या, तक्रार करू न शकणाऱ्या रहिवाशाकडे पाहावे लागते. हॉलमध्ये दूरदर्शन पाहत बसलेल्या, हसून नमस्कार करणाऱ्या आजोबांवरून केंद्राचा दर्जा कळत नाही. तो आतल्या खोलीतील, नाकात नळी असलेल्या आजींवरून कळतो.

रचनेपैकी दोन गोष्टी मात्र नजरेआड करता येत नाहीत. पहिली म्हणजे नोंदणी. भिंतीवर चौकटीत लावलेले प्रमाणपत्र धर्मादाय आयुक्तांकडील न्यासनोंदणीचे किंवा ‘शॉप अ‍ॅक्ट’चे असेल, तर त्यावरून संस्था कायदेशीर आहे एवढेच कळते, तिथल्या शुश्रूषेबद्दल त्याने काहीच कळत नाही. मूळच्या १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमात आजारी, जखमी अथवा दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा केली जाते, अशा जागेचा समावेश आहे. म्हणून जे केंद्र नळीवाटे अन्न देते, लघवीची नळी बदलते आणि इंजेक्शने देते, त्याची या अधिनियमाखाली नोंदणी आहे काय, आणि नसल्यास का नाही, हे विचारण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत याची शहानिशा पालिकेच्या आरोग्य विभागात करता येते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची आणि अशा आश्रमांच्या व्यवस्थापनासाठी दर्जाचे निकष ठरवण्याची तरतूद आहे. परंतु अमेरिकेत २००८ पासून शासकीय संकेतस्थळावर प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे दिले जातात, तशी कोणतीही सार्वजनिक प्रतवारी इकडे नाही. परदेशी राहणारी मुले पुष्कळदा इंटरनेटवरील पंचतारांकित अभिप्राय पाहून केंद्र ठरवतात; त्या ताऱ्यांचा आणि या ताऱ्यांचा काही संबंध नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट आगीची. १ जानेवारी २०२३ रोजी पहाटे दिल्लीतील ग्रेटर कैलास भागातल्या एका वृद्ध निवासाला आग लागून दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रातील अनेक केंद्रे भाड्याच्या बंगल्यांत किंवा निवासी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर चालतात, जिथे लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही आणि जिना एकाच बाजूला असतो. २००६ च्या अग्निप्रतिबंधक अधिनियमानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. ते पाहावे, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न साधा आहे : चालता न येणारी बारा माणसे दुसऱ्या मजल्यावर असताना रात्री आग लागली, तर त्यांना खाली कोण, कशावरून आणणार? या प्रश्नावर व्यवस्थापक गप्प झाला, तर ते उत्तरच समजावे.

प्रक्रियेचा विचार मनुष्यबळापासून सुरू होतो. केंद्रात ‘सिस्टर’ म्हणून ओळख करून दिलेली प्रत्येक स्त्री परिचारिका नसते. जीएनएम हा सुमारे तीन वर्षांचा आणि एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो आणि तो पूर्ण करणाऱ्यांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. रुग्णसाहाय्यकाचे प्रशिक्षण काही महिन्यांचे असते. आणि बहुतांश केंद्रांत अंग पुसणे, भरवणे, कूस बदलणे, डायपर बदलणे ही मुख्य कामे ज्या मावशी आणि मामा करतात, त्यांपैकी अनेक जण ब्यूरोकडून आलेले, कामावरच काम शिकलेले असतात. यात कमीपणाचे काही नाही, कारण अनुभवी मावशींचे हात कित्येकदा प्रमाणपत्रापेक्षा भरवशाचे असतात. परंतु त्यांच्यावर देखरेख करणारी नोंदणीकृत परिचारिका दिवसा आणि रात्रीही हजर असते काय, हे स्वतंत्रपणे विचारले पाहिजे. ‘आमच्याकडे वीस जणांचा स्टाफ आहे’ हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण त्यात स्वयंपाकी, वाहनचालक आणि सुटीवर गेलेले सगळे येतात. विचारायचे ते असे, की रात्री दोन वाजता जागी असणारी माणसे किती आणि त्या वेळी त्यांच्यावर सोपवलेले रहिवासी किती. मावशी बारा तासांची पाळी करून पुन्हा त्याच खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून झोपत असतील, तर कागदावर ‘चोवीस तास सेवा’ असली तरी प्रत्यक्षात एकच थकलेले माणूस दोन पाळ्यांच्या जागी उभे असते. सध्याच्या मावशी किती महिन्यांपासून आहेत, हेही सहज बोलता बोलता विचारावे. जिथे दर दोन महिन्यांनी माणसे बदलतात, तिथे कोणत्या आजोबांना डाव्या कानाने ऐकू येते आणि कोणत्या आजींची कवळी रात्री काढायची असते, हे कोणालाच माहीत नसते.

फलित पाहण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्वचा. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबल्या गेलेल्या भागातील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरू लागते. या जखमेला दाबव्रण, बोलीभाषेत ‘बेडसोअर’ म्हणतात. तिच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिलीत त्वचा अखंड असते, पण बोटाने दाबून सोडल्यावरही लाली फिकी होत नाही. दुसरीत साल जाते किंवा फोड येतो. तिसरीत जखम चरबीपर्यंत आणि चौथीत स्नायू व हाडापर्यंत पोहोचते. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर पहिल्या पायरीची लाली चटकन दिसत नाही. तिथे त्वचा आसपासच्यापेक्षा काळपट किंवा जांभळट होते आणि हाताला गरम अथवा टणक लागते, म्हणून नुसत्या नजरेने भागत नाही, हात लावून पाहावे लागते. पहिल्या पायरीवर दाब हटवला तर त्वचा काही दिवसांत पूर्ववत होऊ शकते. चौथी पायरी भरून यायला महिने लागतात आणि पुष्कळदा ती भरतच नाही.

सर्वांत आधी धोका असतो तो माकडहाडाच्या वरच्या भागाला, खुब्यांना आणि टाचांना. टाच हा अनेकांकडून विसरला जाणारा अवयव आहे : पोटरीखाली उशी देऊन टाच गादीपासून किंचित अधांतरी ठेवली आहे, की ती चादरीवर टेकून तशीच पडली आहे, एवढे पांघरुणाचा एक कोपरा उचलून पाहिले तरी केंद्राची शिस्त लक्षात येते. अर्थात दुसऱ्याच्या आईचे पांघरूण परस्पर उचलणे असभ्य आहे. रहिवाशाची किंवा तिच्या नातेवाइकाची परवानगी घेऊन, परिचारिकेच्या उपस्थितीतच हे करावे, आणि केंद्राने अशी परवानगी मिळवून देण्यास मदत केली तर ती त्याच्या बाजूची जमेची नोंद समजावी.

कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, असा रूढ संकेत आहे. गादी आणि प्रकृती पाहून त्यात कमीजास्त होते. त्याची नोंद ठेवणारा तक्ता पलंगाच्या पायथ्याशी असतो. त्या तक्त्याकडे थोडे बारकाईने पाहिले तर पुष्कळ काही उलगडते. सकाळी अकरा वाजता पाहायला गेले असताना दुपारी दोनची आणि चारची नोंद आधीच झालेली असेल, किंवा तीन दिवसांच्या सगळ्या नोंदी एकाच शाईने, एकाच हाताने, एका बैठकीत केल्यासारख्या दिसत असतील, तर तक्ता तपासणाऱ्यासाठी भरला आहे, पाठीसाठी नाही. कूस बदलताना माणसाला दोघांनी मिळून आडव्या चादरीने उचलून सरकवले जाते, की एकच जण काखेत हात घालून ओढतो, हेही पाहावे, कारण घासून ओढल्याने वृद्धांची पातळ त्वचा सोलली जाते. हवेच्या गादीची, म्हणजे जिला केंद्रांत ‘अल्फा बेड’ म्हणतात तिची, मोटर चालू आहे काय हे हात लावून पाहावे. पुष्कळ ठिकाणी गादी असते, पण आवाज होतो म्हणून मोटर बंद असते, किंवा वीज गेल्यावर ती इन्व्हर्टरवर चालत नाही. लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून जोराने चोळण्याची जुनी पद्धत आता अयोग्य मानली जाते, कारण त्याने आतल्या पेशींना अधिकच इजा होते. ‘आम्ही रोज पाठ चोळतो’ असे अभिमानाने सांगणारे केंद्र कष्टाळू असेल, पण त्याचे ज्ञान जुने आहे.

जाणकार केंद्र रहिवासी दाखल होतानाच धोक्याचे मोजमाप करते. त्यासाठी १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी प्रसिद्ध केलेले ब्रेडन मापन वापरले जाते; त्यात संवेदना, ओलसरपणा, हालचाल, आहार इत्यादी सहा बाबींना गुण देऊन ६ ते २३ यांमधील एक आकडा काढतात, आणि तो १८ किंवा त्याहून कमी असला तर धोका आहे असे समजतात. या मापनाचे नाव केंद्रातील परिचारिकेला माहीत असणे एवढीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. येथे एक न्याय्य अपवादही नोंदवला पाहिजे. प्रत्येक दाबव्रण हा हयगयीचाच पुरावा नसतो. अखेरच्या आठवड्यांत शरीराची त्वचा इतर अवयवांप्रमाणेच साथ सोडते, आणि कित्येक रहिवासी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून व्रण घेऊनच येतात. म्हणून ‘आमच्याकडे आजवर एकालाही बेडसोअर झाला नाही’ असे म्हणणाऱ्यापेक्षा सध्या किती जणांना आहे, त्यांतले किती जण बाहेरून घेऊन आले आणि किती भरत आले, हे आकड्यांत सांगणारा व्यवस्थापक अधिक विश्वासार्ह होय.

अन्नपाण्याच्या बाबतीत जेवणाचा फलक वाचण्यापेक्षा जेवणाची वेळ पाहणे श्रेयस्कर. भरवणारी व्यक्ती रहिवाशाच्या शेजारी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसते की उभ्याने चमचा तोंडात सारते, पहिला घास गिळला गेल्याची वाट पाहते की नाही, आणि माणसाला आडवा ठेवूनच पेज पाजली जाते काय, हे दहा मिनिटांत कळते. आडव्या स्थितीत भरवलेले अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया हे या वयातील मृत्यूचे एक मोठे कारण आहे. नाकातील नळीवाटे, म्हणजे राईल्स ट्यूबने, अन्न दिले जात असले तरी डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंशांनी उंच हवी आणि नंतरही काही वेळ तशीच राहायला हवी. पाण्याचा पेला टेबलावर भरलेला आहे, पण टेबल हाताच्या टप्प्याबाहेर आहे, हे दृश्य इतके सर्रास असते की ते डोळ्यांत भरत नाही. वजनाची नोंद दरमहा होते काय हे विचारावे. एका महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन घटणे धोक्याचे मानले जाते, आणि उभे राहता न येणाऱ्याचे वजन कसे करता, या प्रश्नाचे उत्तर केंद्राजवळ असले पाहिजे.

शांतता हा फसवा निकष आहे. स्मृतिभ्रंश झालेली दहा माणसे एका मजल्यावर असूनही दुपारी चार वाजता सगळी गाढ झोपलेली असतील, तर त्या शांततेचे कारण औषधांच्या पेटीत शोधावे. मन शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. क्वचित ती द्यावीही लागतात, परंतु ती कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी आणि किती दिवसांकरिता लिहून दिली, हे कुटुंबाला माहीत असलेच पाहिजे. नळी उपसू नये म्हणून हात गॉजपट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधण्याचा प्रकारही याच जातीचा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मानसिक आरोग्य संस्थांमध्येसुद्धा बांधून ठेवणे हे तात्काळ इजा टाळण्याचा अन्य मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि आवश्यक तेवढ्याच वेळापुरते मान्य केले आहे, शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून नव्हे. एखाद्या केंद्रात मनगटावर वळ दिसले तर दुसऱ्या केंद्राकडे वळावे.

वासाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, एका खोलीत एका वेळी लघवीचा वास येणे स्वाभाविक आहे, संपूर्ण मजल्यावर सदैव येणे स्वाभाविक नाही, आणि फिनेल-अगरबत्तीचा अतिरेकही तितकाच संशयास्पद आहे. लघवीची पिशवी जमिनीवर लोळत नसावी आणि पलंगावरही ठेवलेली नसावी. पायाच्या बोटांची नखे कापलेली असावीत.

भेट सांगून एकदा आणि न सांगता एकदा द्यावी. दुसरी भेट शक्यतो रविवारी संध्याकाळी, जेव्हा कर्मचारी कमीत कमी असतात. ठरावीक वेळेबाहेर नातेवाइकांना मुळीच आत न सोडणाऱ्या केंद्राला त्याचे कारण सांगावे लागेल. करारनाम्यात डायपर, औषधे, फिजिओथेरपी आणि डॉक्टरांची भेट हे मासिक शुल्कात धरले आहेत की वेगळे, अनामत रक्कम केव्हा आणि किती परत मिळते, प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आल्यावर सोबत कोण जाते, हे लेखी असावे. परदेशातील मुलांना रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे छायाचित्र चेहऱ्याचे असते. महिन्यातून एकदा गावातल्या नात्यातील किंवा स्नेह्यांपैकी कोणी प्रत्यक्ष जाऊन येणे त्याहून उपयोगाचे ठरते. तक्रार केली तर आईवर राग काढतील, या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. अशांसाठी १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहे.

दाखल करण्याच्या दिवशी कुटुंबाने वृद्धाचे वजन करवून घ्यावे, दोन्ही टाचा, दोन्ही खुबे आणि पाठीचा खालचा भाग परिचारिकेसह तपासून त्यांची छायाचित्रे घ्यावीत, चालू औषधांची यादी करावी आणि या सर्वांच्या नोंदीवर दोन्ही बाजूंनी तारखेसह सही करावी. याला अर्धा तास लागतो, आणि व्रण रुग्णालयातला की केंद्रातला, हा वाद पुढे उद्भवत नाही. जे केंद्र अशी सही करण्यास नकार देईल, तिथे वृद्धाला ठेवू नये.